नमुना पाहणीतला व्हेरियन्स कसा काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (एनएफएचएस) किंवा राष्ट्रीय नमुना पाहणीची (एनएसएस) आकडेवारी संगणकावर उतरवून घेतली, टक्केवारी काढली, आणि मार्गदर्शकांनी विचारलं, 'याचा स्टँडर्ड एरर किती?' इथे बहुतेकांची गाडी अडते. सांख्यिकी, अर्थशास्त्र, लोकसंख्याशास्त्र शिकणारे आणि जिल्हा पातळीवर आकडेवारीचं काम करणारे लोक याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

व्हेरियन्सचा अंदाज म्हणजे नेमका कशाचा व्हेरियन्स?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक व्हेरियन्स लोकसंख्येतला असतो: घराघरांतलं उत्पन्न एकमेकांपासून किती वेगळं आहे, हे तो सांगतो. दुसरा तुमच्या अंदाजाचा असतो. हीच पाहणी, याच पद्धतीने, पुन्हा पुन्हा केली असती आणि दर वेळी वेगळी गावं, वेगळी घरं हाती लागली असती, तर तुमची सरासरी किंवा टक्केवारी किती वरखाली झाली असती, हे त्यातून कळतं. पाहणीत आपल्याला हा दुसरा व्हेरियन्स हवा असतो. त्याचं वर्गमूळ म्हणजे स्टँडर्ड एरर, मराठी पुस्तकांतली प्रमाण त्रुटी.

अडचण उघड आहे. पाहणी एकदाच होते, आणि त्या एकाच नमुन्यातून 'पुन्हा केली असती तर' याचा अंदाज बांधायचा असतो. खाली आलेल्या सगळ्या पद्धती याच अडचणीवरची वेगवेगळी उत्तरं आहेत.

n ऐवजी n−१ ने का भागायचं?

व्हेरियन्स म्हणजे सरासरीपासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज भागिले n, म्हणजे आकड्यांची संख्या. विचलनं खऱ्या सरासरीपासून मोजायला हवीत, पण ती ठाऊक नसते, म्हणून आपण नमुन्याच्याच सरासरीपासून मोजतो. नमुन्यातले आकडे स्वतःच्या सरासरीला नेहमीच जास्त जवळ असतात, त्यामुळे वर्गांची बेरीज थोडी कमी भरते. n−१ ने भागल्यावर ती तूट बरोबर भरून निघते. मात्र n म्हणजे नक्की काय मोजायचं, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

वर्गात शिकलेलं सूत्र पाहणीला का चालत नाही?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातली शितं सगळी सारखीच शिजलेली असतात. पाहणीत मात्र आपण एकाच पातेल्यातून दहा शितं उचलतो, मग दुसऱ्या पातेल्यातून दहा. आधी गावं निवडायची, मग निवडलेल्या प्रत्येक गावातली काही घरं. एकाच गावातली घरं एकमेकांसारखी असतात. पाणी योजना आली तर बहुतेक घरांना मिळते, नाही आली तर कुणालाच मिळत नाही. म्हणून एका गावातली दहा घरं म्हणजे दहा स्वतंत्र साक्षी होत नाहीत.

एक छोटं, सोयीसाठी रचलेलं उदाहरण घेऊ. एकाच स्तरातली (स्तर म्हणजे नमुना काढण्याआधी पाडलेला गट, जसं ग्रामीण किंवा शहरी भाग) सहा गावं, प्रत्येक गावात दहा घरं. नळ असलेली घरं अनुक्रमे ९, २, ७, १, ८, ३. एकूण ६० पैकी ३० घरांत नळ, म्हणजे ५० टक्के.

शाळेतलं सूत्र ६० घरं स्वतंत्र धरतं: ०.५ × ०.५ भागिले ५९, म्हणजे ०.००४२. स्टँडर्ड एरर ६.५ टक्के.

आता गावं धरून करा. गावांची प्रमाणं ०.९, ०.२, ०.७, ०.१, ०.८, ०.३. सरासरी ०.५. विचलनांच्या वर्गांची बेरीज ०.५८. तिला आधी ५ ने आणि मग ६ ने भागलं की ०.०१९३ येतात. स्टँडर्ड एरर १३.९ टक्के, पहिल्याच्या दुपटीहून जास्त. आकडे तेच, घरं तीच. फक्त नमुना कसा काढला हे दुसऱ्या हिशेबात लक्षात ठेवलं.

विश्वास मर्यादा (खरा आकडा ज्यांच्या आत असेल असं ९५ टक्के भरवशाने म्हणता येतं त्या मर्यादा) काढल्या तर फरक आणखी बोचतो. पहिल्या हिशेबाने ३७ ते ६३ टक्के. दुसऱ्यात डिग्रीज ऑफ फ्रीडम (इथे गावांची संख्या वजा एक) पाचच, म्हणून १.९६ ऐवजी टी-कोष्टकातला २.५७ घ्यायचा, आणि मर्यादा १४ ते ८६ टक्क्यांपर्यंत पसरतात. सहा गावांवरून जिल्ह्याबद्दल ठामपणे फारसं काही बोलता येत नाही, हे दुसरा हिशेब प्रामाणिकपणे सांगतो.

डिझाइन इफेक्ट म्हणतात तो हाच का?

हो. खरा व्हेरियन्स भागिले साधा यादृच्छिक नमुना धरून आलेला व्हेरियन्स. वरच्या उदाहरणात तो साधारण ४.६ आहे, म्हणजे ६० घरांच्या नमुन्यात जेमतेम १३ स्वतंत्र घरांइतकीच माहिती आहे. लेस्ली किश यांनी १९६५ मध्ये ही संकल्पना रूढ केली. ढोबळ सूत्र असं: १ + (प्रत्येक गावातली घरं − १) × गावांतर्गत सारखेपणा. एनएफएचएसच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीत प्रत्येक निवडलेल्या गावात किंवा शहरी गटात २२ घरं घेतली गेली. सारखेपणा ०.१ एवढाच धरला तरी डिझाइन इफेक्ट ३.१ होतो. नळ, शौचालय, वीज यांत हा सारखेपणा जास्त असतो. वय किंवा उंची अशा गोष्टींत कमी. त्यामुळे एका पाहणीचा एकच डिझाइन इफेक्ट नसतो. प्रत्येक प्रश्नाचा वेगळा निघतो.

स्तर आणि भारांक यांनी काय होतं?

ग्रामीण-शहरी किंवा जिल्हावार स्तर पाडले की बहुधा व्हेरियन्स घटतो, कारण स्तरास्तरांतला फरक नमुन्याच्या नशिबावर सोडलेला नसतो. भारांक, म्हणजे नमुन्यातलं एक घर लोकसंख्येतल्या किती घरांच्या वतीने बोलतं तो आकडा, फार असमान असले की व्हेरियन्स वाढतो. दोन्ही गोष्टी हिशेबात घ्याव्या लागतात. भारांक घेतले पण गावं आणि स्तर विसरले, ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक. टक्केवारी बरोबर येते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

महालनोबिसांची उपनमुन्यांची पद्धत काय आहे? ती आजही वापरतात का?

वापरतात, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण या विषयात भारताने जगाला दिलेली ही फार मोलाची गोष्ट आहे.

संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये तागाच्या क्षेत्राची पाहणी करत होते. ते काम १९३७ पासून सुरू झालं. संगणक नव्हते, किचकट सूत्रं हजारो शेतांवर चालवणं अशक्य होतं, आणि पाहणी करणारे लोक नीट मोजतात की नाही हाही घोर होता. त्यांनी एकच मोठा नमुना घेण्याऐवजी त्याच भागातून दोन किंवा अधिक स्वतंत्र उपनमुने काढले, एकमेकांत गुंफलेले, आणि ते वेगवेगळ्या पथकांकडे दिले. प्रत्येक उपनमुना स्वतःच एक पूर्ण अंदाज देतो. मग त्या अंदाजांमधला फरकच सांगतो की आपला आकडा किती डळमळीत आहे. दोन उपनमुने असतील तर एकत्रित अंदाजाचा व्हेरियन्स म्हणजे फरकाचा वर्ग भागिले चार. बस, एवढंच. शिवाय दोन पथकांचे आकडे फारच वेगळे आले, तर क्षेत्रकामात काहीतरी बिघडलं आहे हेही लगेच दिसतं. दुसरं कुठलंच सूत्र ही दुसरी गोष्ट इतक्या सरळ दाखवत नाही.

१९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली तेव्हा ही पद्धत तिच्यात आली. अनेक फेऱ्यांच्या अहवालांत प्रत्येक स्तरासाठी दोन उपनमुन्यांच्या फरकाचा वर्ग भागिले चार, आणि मग सर्व स्तरांची बेरीज, असंच सूत्र सापडेल.

तिची दुर्बळ बाजूही आमच्या सहा गावांत दिसते. गावं ९, २, ७ आणि १, ८, ३ अशी वाटली तर उपनमुन्यांची प्रमाणं ०.६ आणि ०.४ येतात. व्हेरियन्स ०.०१, स्टँडर्ड एरर १० टक्के. पण वाटणी ९, ७, ८ आणि २, १, ३ अशी पडली असती, तर प्रमाणं ०.८ आणि ०.२, आणि स्टँडर्ड एरर ३० टक्के! दोनच आकड्यांवरून काढलेला व्हेरियन्स स्वतःच फार हेलकावे खातो. राज्यभरातले कितीतरी स्तर मिळवले की हे हेलकावे एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून राज्य आणि देश पातळीवर ही पद्धत नीट चालते. एका जिल्ह्यापुरती वापरायची असेल तर आलेल्या आकड्यावर फार भार टाकू नये.

जॅकनाइफ म्हणजे काय?

एकेक गाव वगळायचं, उरलेल्यांवरून अंदाज काढायचा, आणि हे अंदाज एकमेकांपासून किती हलतात ते पाहायचं. मॉरिस क्वेनुइ यांनी १९४९ मध्ये बायस (अंदाजात एकाच दिशेने होणारी चूक) कमी करण्यासाठी ही कल्पना मांडली. जॉन टुकी यांनी १९५८ मध्ये ती व्हेरियन्ससाठी वापरली आणि नावही दिलं.

आमच्या सहा गावांत एकेक वगळल्यावर प्रमाणं येतात ०.४२, ०.५६, ०.४६, ०.५८, ०.४४, ०.५४. ०.५ पासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज ०.०२३२. तिला ५/६ ने गुणलं की ०.०१९३, थेट सूत्राने आला होता तोच आकडा. साध्या सरासरीला जॅकनाइफ नवं काही देत नाही. त्याचं खरं मोल अशा आकड्यांसाठी आहे ज्यांचं सूत्र लिहिणंच कठीण असतं. एनएफएचएससारख्या पाहण्यांत एकूण जननदर आणि बालमृत्युदर यांच्या स्टँडर्ड एररसाठी जॅकनाइफ वापरतात, कारण जन्मांच्या इतिहासावरून निघणारे हे दर साध्या गुणोत्तराच्या चौकटीत बसत नाहीत.

वगळायचं ते पूर्ण गाव. एकेक घर वगळलंत तर पुन्हा शाळेतल्या सूत्राकडेच परत जाल. हे शंभरदा सांगितलं तरी थोडंच आहे.

टेलर लिनियरायझेशन कधी वापरायचं?

सरासरी, टक्केवारी, गुणोत्तर, रिग्रेशनचे गुणांक यांच्यासाठी. बहुतेक सॉफ्टवेअर न सांगता हेच करतं. कल्पना अशी: हेक्टरी उत्पादन घ्या. वर एकूण उत्पादनाचा अंदाज, खाली एकूण क्षेत्राचा अंदाज, आणि दोन्ही नमुन्यावर हलणारे. भागाकाराचा व्हेरियन्स थेट काढता येत नाही. म्हणून प्रत्येक गावासाठी एक उरलेला आकडा काढायचा: गावाचं उत्पादन वजा (राज्याचं हेक्टरी उत्पादन × गावाचं क्षेत्र). जे गाव सरासरीप्रमाणे पिकलं त्याचा आकडा शून्याजवळ येतो, मग ते गाव लहान असो की मोठं. या उरलेल्या आकड्यांचा व्हेरियन्स नेहमीच्या सूत्राने काढायचा आणि एकूण क्षेत्राच्या वर्गाने भागायचा. गावं पुरेशी असली की ही पद्धत चोख चालते.

बॅलन्स्ड रिपीटेड रेप्लिकेशन?

प्रत्येक स्तरात नेमकी दोन गावं असतील तेव्हाची ही पद्धत. प्रत्येक स्तरातून एक गाव उचलून अर्धा नमुना बनवायचा, तसे अनेक अर्धे नमुने बनवायचे. सगळ्या शक्यता घेत बसायची गरज नसते. हॅडामार्ड मॅट्रिक्स (+१ आणि −१ यांचा एक खास तक्ता) वापरून थोडक्याच, समतोल साधणाऱ्या निवडी पुरतात. फिलिप मॅकार्थी यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या आरोग्य पाहण्यांसाठी ही बसवली. पिसा या शालेय पाहणीच्या आकडेवारीत जे ८० रेप्लिकेट भारांक दिसतात, ते याच पद्धतीच्या फे यांनी सुधारलेल्या रूपातले.

बूटस्ट्रॅप सगळीकडे चालतो ना?

बूटस्ट्रॅप म्हणजे हातातल्या नमुन्यातूनच परत परत नवे नमुने उचलायचे आणि अंदाज किती हलतो ते पाहायचं. ब्रॅडली एफ्रन यांच्या १९७९ च्या लेखानंतर तो सगळीकडे पोहोचला, आणि पाहणीच्या आकडेवारीवर तो चुकीचाही तितकाच वापरला जातो. घरांची फाइल घेऊन ओळी परत परत उचलणं हा पाहणीचा बूटस्ट्रॅप नव्हे. प्रत्येक स्तरात गावं उचलायची, घरांसकट.

दुसरी खोच अशी. सहा गावांतून परत परत सहा गावं उचलली, तर बूटस्ट्रॅपचा व्हेरियन्स ०.५८ भागिले ३६, म्हणजे ०.०१६१ कडे जातो. हा खऱ्या ०.०१९३ पेक्षा सहाव्या हिश्शाने कमी आहे. स्तरात दोनच गावं असतील तर तो थेट निम्मा पडतो. जे. एन. के. राव आणि सी. एफ. जे. वू यांनी १९८८ मध्ये यावर उपाय दिला. त्याचं सर्वांत वापरात असलेलं रूप म्हणजे n ऐवजी n−१ गावं उचलायची आणि भारांक त्यानुसार बदलायचे. आमच्या उदाहरणात पाच गावं उचलली की ०.५८ भागिले ३०, आणि बरोबर ०.०१९३ मिळतात.

मध्यकासाठी कोणती पद्धत?

एकेक वगळणारा जॅकनाइफ वापरू नका. तो मध्यकासाठी भरवशाचा नाही, नमुना कितीही वाढवला तरी. अर्धनमुन्यांची पद्धत किंवा बूटस्ट्रॅप चालतो. वुडरफ यांची १९५२ ची रीत तर फार सुटसुटीत आहे: 'मध्यकाखाली किती टक्के' याच्या विश्वास मर्यादा आधी काढायच्या आणि मग त्या टक्केवारींना लागू पडणारी उत्पन्नं वाचायची.

एका स्तरात एकच गाव आलं आहे. सॉफ्टवेअर चूक दाखवतं. काय करू?

एका आकड्यावरून व्हेरियन्स निघत नाही, सॉफ्टवेअरचं बरोबरच आहे. तो स्तर त्याच्यासारख्या शेजारच्या स्तरात मिळवा. व्हेरियन्स थोडा जास्त येईल, ते चालेल. मिळवणी करताना एक पथ्य पाळा: स्तरांचे निकाल पाहून नव्हे, त्यांची आधीची ओळख पाहून जोड्या लावा. 'आर' या सॉफ्टवेअरच्या सर्व्हे पॅकेजमध्ये अशा एकट्या गावासाठी पर्याय असतात. त्यातला 'ॲडजस्ट' त्या गावाचा फरक एकूण सरासरीपासून मोजतो. व्हेरियन्स शून्य धरणारा पर्याय टाळा.

पद्धतशीर नमुन्याचा, म्हणजे दर दहावं घर, व्हेरियन्स?

एकाच आरंभबिंदूवरून काढलेल्या पद्धतशीर नमुन्यातून बायस नसलेला व्हेरियन्स काढताच येत नाही, कारण नमुना म्हणून खरं तर एकच उडी घेतलेली असते. लागोपाठच्या घरांमधल्या फरकांवरून काढलेला अंदाज बहुधा पुरतो. जमत असेल तर दोन-तीन वेगळे आरंभबिंदू घ्या. महालनोबिसांच्या उपनमुन्यांचीच ती आवृत्ती.

मला फक्त आदिवासी स्त्रियांचे आकडे हवेत. बाकीच्या ओळी फाइलमधून काढून टाकल्या तर?

नको. ज्या गावांत अशी एकही स्त्री नमुन्यात आली नाही ती गावं फाइलमधून नाहीशी होतात, आणि त्यांबरोबर 'दुसऱ्या पाहणीत हा आकडा वेगळा असता' ही माहितीही जाते. आधी पूर्ण फाइलवर डिझाइन बांधा (म्हणजे भारांक, गावं आणि स्तर सॉफ्टवेअरला सांगा), मग डिझाइनच्या आत उपगट निवडा. त्यासाठी 'आर'मध्ये डिझाइनवर सबसेट, स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये सबपॉप.

एनएफएचएस आणि एनएसएसच्या फाइलमध्ये नेमकं काय शोधायचं?

एनएफएचएस मुंबईतल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था चालवते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबं होती. स्त्रियांच्या फाइलमध्ये 'व्ही००५' हा भारांक आहे, तो १० लाखांनी भागायचा. 'व्ही०२१' म्हणजे गाव किंवा शहरी गट, 'व्ही०२२' म्हणजे स्तर. हे तीन मिळाले की टेलरने काम होतं.

एनएसएसमध्ये पहिल्या टप्प्याचं एकक (एफएसयू), स्तर, उपस्तर आणि उपनमुना क्रमांक असे रकाने मिळतात. भारांकाबद्दल सावध राहा. बऱ्याच फेऱ्यांत सोबतच्या टिपणात 'एनएसएस' आणि 'एनएससी' असे दोन आकडे असतात (इथे 'एनएसएस' हे पाहणीचं नव्हे, रकान्याचं नाव). ते सारखे असतील तर फाइलमधला गुणक (कच्चा भारांक) १०० ने, नसतील तर २०० ने भागायचा असतो. हे चुकलं तर भारांकच चुकतात, आणि मग व्हेरियन्सचं सोडाच, एकूण बेरीजही बिघडते. प्रत्येक फेरीचं टिपण आधी वाचा.

बऱ्याच फेऱ्यांत केंद्राबरोबर राज्यंही आपला नमुना घेतात. महाराष्ट्रात हे काम अर्थ व सांख्यिकी संचालनालय करतं. दोन्ही नमुने जोडले की गावं वाढतात आणि व्हेरियन्स घटतो. जिल्हा पातळीच्या अंदाजांसाठी मला यापेक्षा आशादायक मार्ग दिसत नाही.

व्हेरियन्स कमी आला म्हणजे आकडा बरोबर ना?

नाही. साताऱ्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांतून हेच दाखवलं. कापणीसाठी अगदी छोटा तुकडा आखला तर कडेवरची रोपं आत धरण्याकडे माणसाचा कल जातो, आणि छोट्या तुकड्यात कड जास्त, पोट कमी. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सगळीकडून दहा सेंटिमीटर जास्त कापलं गेलं तर क्षेत्र २१ टक्क्यांनी वाढतं. पाच मीटर त्रिज्येत तीच चूक चार टक्क्यांची होते. 'नेचर'मधला त्यांचा लेख १९४६ चा आहे. छोटे तुकडे हजारोंनी घेतले की व्हेरियन्स सुरेख घटतो, पण उत्पादन फुगलेलं ते फुगलेलंच राहतं. वर सांगितलेली एकही पद्धत हा बायस पकडत नाही. सगळ्या पथकांनी एकसारखीच चूक केली तर महालनोबिसांचे उपनमुनेही गप्प बसतात.

अहवालात काय लिहायचं?

अंदाज, स्टँडर्ड एरर, विश्वास मर्यादा, आणि त्या कोणत्या पद्धतीने काढल्या ते. किती घरं पाहिली याबरोबर किती गावं पाहिली हेही लिहा. डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणजे साधारणपणे गावांची संख्या वजा स्तरांची संख्या. ती वीस-पंचवीसच्या आत असेल तर तोही आकडा द्या आणि टी-कोष्टक वापरा. सापेक्ष प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर भागिले अंदाज) मोठी असेल तर आकडा लपवू नका, त्याच्याशेजारी ती त्रुटी तितक्याच ठळक अक्षरात छापा. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत तो आकडा वाचणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षीच्या दोन टक्क्यांच्या वाढीवर निधी ठरवायचा असतो, आणि ती वाढ त्रुटीच्या आत आहे की बाहेर, हे त्याला त्याच पानावर दिसलं पाहिजे.